बरडाची साफसफाई

यवतमाळच्या कोर्टात मला 'झाडांची वकील' म्हणतात. बाररूममध्ये चहा पिताना कुणीतरी हमखास विचारतं, "काय मॅडम, अशिलानं फीमध्ये काय दिलं? लिंबं का पेरू?" पहिली काही वर्षं मी हसत असे. आता नुसता चहा पिते. सत्काराला बोलावलं की हाराऐवजी कुंडीतलं रोप हातात देतात. त्यातली बरीचशी माझ्या गॅलरीत वाळून गेली आणि त्याचं मला काही वाटलं नाही. वाटायला हवं हे कळतं. पण माझ्यातलं कळणं आणि वाटणं यांचं फार दिवसांपासून एकमेकांशी बोलणं बंद आहे.

हे असं कधीपासून झालं ते सांगता येत नाही. एका खटल्यामुळे झालं असंही नाही. तरी बरडाचा खटला सांगते, कारण त्यात आम्ही जिंकलो होतो.

दारव्हा तालुक्यात, बोरी अरबहून आत गेलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. तिथल्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरायचे. आता सगळे कापूस आणि तूर पिकवतात. तांड्याच्या मागे बरड आहे, म्हणजे दगडगोट्यांची उंच जमीन. नांगर तिथं चालत नाही. पण बोरीची झुडपं, तरवड, हिवर, खुरटे पळस आणि पाऊस सरला की कमरेएवढं पवन्या गवत. सरकारी कागदात त्या जमिनीचं नाव झुडपी जंगल. हा आमच्या विदर्भातलाच प्रकार आहे. बघायला गेलं तर धड जंगल नाही, धड माळ नाही, पण कायदा त्याला जंगल धरतो आणि केंद्राच्या परवानगीशिवाय तिथं कुदळ मारता येत नाही.

एका कंपनीनं तिथं गिट्टीची खदान आणि क्रशर टाकायचं ठरवलं. केंद्रापर्यंत न जाता खालच्या खाली परवानगी मिळालीसुद्धा. कंपनीचं म्हणणं असं की कागद जुना झाला, जागेवर आता नुसता दगड आहे. तांड्यानं मला गाठलं आणि मी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अर्ज टाकला.

अर्जावर पहिला अंगठा याडीचा होता. याडी म्हणजे गोरबोलीत आई. सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा, मग मीही म्हणू लागले. साठीच्या पुढची, नवरा गेलेला, मुलगा-सून पोट भरायला बाहेरगावी. शेत नाही. बकऱ्या आणि बरड, एवढ्यावर तिचं घर चालायचं. पहिल्याच भेटीत तिनं मला सांगितलं होतं, "बरड गेलं का बकऱ्या गेल्या, बकऱ्या गेल्या का मी सुनंच्या दारात." हे सांगताना ती रडली नाही. म्हणून मला आवडली. रडणारे अशील मला सोसत नाहीत, त्यांच्यासमोर मी नुसती पाण्याचा ग्लास पुढं सरकवत राहते.

आमच्या बाजूनं आणखी एक जण होते, माझे कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सर. निवृत्त झाल्यावर त्यांना हे एकच वेड लागलं होतं. डोक्याला रुमाल बांधून वर्षभर ते बरड पालथं घालत होते. कोणतं झुडूप, कोणतं गवत, कोणत्या हंगामात काय, सगळ्याचे फोटो काढून त्यांनी अहवाल केला. कंपनीच्या वकिलानं तो फोटोंसकट झटकून टाकला. फोटो भलतीकडचे आहेत, म्हणाला. न्यायाधिकरण म्हणालं, मग समिती पाठवू. समिती जागेवर जाईल आणि तिथं झुडपी आहे की नुसता दगड, ते डोळ्यांनी बघून कळवेल. म्हणजे वर्षभराचं सगळं भांडण येऊन एका सकाळवर टेकलं.

पाहणीच्या आधी मी तांड्यावर जाऊन नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर सगळ्यांना बसवून सांगितलं. साहेब येणार आहेत. जे आहे ते त्यांना दिसू द्या. तुम्ही काहीही करू नका. मी हे दोनदा सांगितलं, सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. नायक म्हणाला, "बिनघोर राहा, बाई."

पाहणीच्या दिवशी आम्ही सरांच्या स्कूटरवरून लवकर पोचलो. वळणावरून बरड दिसतं. सरांनी स्कूटर थांबवली आणि पाय टेकवला. मला आधी वाटलं की आपण रस्ता चुकलो.

समोरचा सगळा उतार भादरून काढलेला होता. गवत बुडापासून कापलेलं, बोरी गेलेल्या, तरवड गेलेला, हिवरांचे खुंट तेवढे जमिनीबरोबर. तांड्यापासून वरपर्यंत एक सुरेख वाट काढली होती आणि तिच्या दोन्ही कडांना चुन्यानं रंगवलेले दगड लावले होते. वाटेच्या शेवटी मांडव, त्यात बिछायत केंद्रातून आणलेल्या खुर्च्या, टेबलावर पांढरा कपडा. मांडवासमोर रांगोळी. ऐन वेचणीच्या दिवसांत बायकांनी कापूस सोडून हे केलं होतं.

याडी नवं लुगडं नेसून वाटेवर उभी होती. "या बाई, या. पाहा, कसं चकाचक केलं. आता साहेबाच्या पायात काटा नाही भरत."

"याडी, काही करू नका म्हणून सांगतलं होतं ना?"

"तुमी त म्हननारच. पाव्हना कदी म्हन्ते का, माह्यासाठी पुरी-भाजी करा म्हनून? आपनच समजाव लागते."

ती हसत होती. तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकाही हसत होत्या. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. या लोकांनी आजवर साहेब पाहिले ते ग्रामस्वच्छतेच्या पाहणीला आलेले. साहेब येणार म्हटलं की झाडायचं, चुना मारायचा, काटेकुटे काढायचे, आणि झालंच तर बक्षीस मिळायचं. त्यांना जे शिकवलं तेच त्यांनी केलं होतं, आणि फार मन लावून केलं होतं. सर वाकून एकेका खुंटावर बोट फिरवत होते. शेवटी म्हणाले, "कापलंय किती साफ बघ. एकही फांदी सोडली नाही." मला वाटतं, ते कौतुकच होतं.

समितीच्या गाड्या आल्या. नायक "आवो, आवो" म्हणत पुढं धावला. साहेबांना टोप्या घातल्या, नारळ दिले. कंपनीचा माणूस मागच्या गाडीतून उतरला आणि समोरचं बघून जागीच थांबला. त्याला कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. समितीतले एक साहेब चहा पिता पिता दुसऱ्याला म्हणाले, "यहाँ तो कुछ है ही नहीं." आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सरांनी त्यांना ओढूनच मांडवाबाहेर नेलं, खुंट दाखवले, पलीकडच्या बांधावर रचलेला काट्यांचा ढीग दाखवला. समितीत वनखात्याचे एक अधिकारी होते. त्यांनी ढीग पाहिला, गर्दीकडे वळले आणि विचारलं, "हे कोणी तोडलं?"

"आमी!" सगळा तांडा एका आवाजात म्हणाला. मागच्यांनी हातसुद्धा वर केले.

अधिकारी मला बाजूला घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता, खरंच नव्हता. म्हणाले, "मॅडम, बघा. हे जंगल आहे असं मी लिहिलं, तर जंगल तोडल्याचा गुन्हा मला नोंदवावा लागतो. जंगल नाही असं लिहिलं, तर कसला गुन्हा आणि कसलं काय. तुमची माणसं गरीब आहेत. काय लिहू ते तुम्ही ठरवा. तोपर्यंत मी चहा घेतो."

मला तेव्हा हसू यायला हवं होतं किंवा घाम फुटायला हवा होता. मी घड्याळ बघितलं. मग मांडवात जाऊन साहेबांच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसलेल्या तांड्याच्या लोकांना जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही गुन्हा केलात असं कबूल केलंत तर बरड वाचेल. नाही केलंत तर तुम्ही सुटाल आणि खदान येईल. असा सल्ला कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही. अशिलाला गुन्ह्यातून सोडवायचं, एवढंच मी शिकले होते.

रांगोळीवरून एक कुत्रं चालत गेलं, त्याला कुणी हाकललं नाही. मग नायक म्हणाला, "पोरायच्या नावानं नोका लिवू, बाई. भरतीची तयारी करून राह्यले पोरं. एक केस लागली का संपलं त्यायचं." तो स्वतःचं नाव पुढं करत होता, पण त्याचा पोरगा आधीच पोलिसात होता आणि त्याच्या बढतीचं काय होईल यावर कुजबुज सुरू झाली.

"माह्या नावानं लिवा," याडी म्हणाली. "मले कोन्त्या भरतीत जाचं हाय?"

मांडव खदखदून हसला. मी तिला म्हटलं, "याडी, कोर्टात जा लागते. तारखेवर तारीख."

"जाईन. बरड त राह्यते ना?"

"राह्यते," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पंचनामा केला. किती भागात, कोणकोणती झुडपं, कशी तोडली, हे सगळं सरांनी खुंट ओळखून सांगितलं आणि त्यांनी उतरवून घेतलं. एवढी दाट झुडपं एका म्हातारीनं एकटीनं तोडली, यावर कुणाचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही. पण कुणी शंका काढली नाही. याडीनं अंगठा लावला आणि शाई लुगड्याला लागू नये म्हणून बोट वर धरून बसली.

मी उरलेला खटला त्या पंचनाम्यावर चालवला. जंगल नव्हतं तर माझ्या अशिलावर गुन्हा कसा? सरकार स्वतःच म्हणतं की हिनं जंगल तोडलं. सुनावणी कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती. सर माझ्या ऑफिसात मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मधेच त्यांनी डोळे पुसले. मी पुढचा मुद्दा मांडला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. खदानीची परवानगी रद्द. जमीन झुडपी जंगल असल्याचं समितीच्या अहवालावरून सिद्ध, तोड झालेली आढळली, सबब वनखात्यानं तिचं संरक्षण करून झुडपं पूर्ववत वाढवावीत. बाररूममध्ये पेढे वाटले. शेवटचं वाक्य मी त्याच दिवशी वाचलं होतं आणि मला त्याचा अर्थ त्याच दिवशी समजला होता. वकिलाला न समजून चालत नाही. फेरविचाराचा अर्जही टाकला, चराईचे जुने हक्क आहेत म्हणून. तो अजून तिथंच आहे. संरक्षण मागितलंत, मिळालं, आता तक्रार कशाची, असं मला विचारलं गेलं. न्यायाधिकरणाच्या बाजूनं बघितलं तर प्रश्न रास्तच होता.

उन्हाळ्यात मी निकालाची प्रत द्यायला तांड्यावर गेले. बरडाच्या भोवती चर खणला होता, चरापलीकडे तार, तारेवर चराईबंदीची पाटी. आत खुंटांना नवे फुटवे आले होते, बोरीला तर चांगलेच. बकऱ्यांना ते फार आवडले असते.

याडी दारात बसली होती. मागे बकऱ्यांचा गोठा झाडून स्वच्छ केलेला, दावी गुंडाळून खुंटीला टांगलेली. बोरी अरबच्या बाजारात एकेक करत तिनं सगळ्या विकून टाकल्या होत्या. सुनेकडं कधी जायचं ते अजून ठरत नव्हतं, कारण यवतमाळच्या कोर्टात तिची तारीख होती आणि तारीख सोडून गेलं तर वॉरंट निघेल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ते मीच सांगितलं होतं.

मी निकाल वाचून दाखवला. शेवटचं वाक्यसुद्धा वाचलं. तिनं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"मंग आपन जिकलो ना, बाई?"

"हो, याडी. जिंकलो."

"मंग तुमी काहून अशा चूप?"

"उन्हानं डोकं दुखून राह्यलं," मी म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं होतं.

ती उठली, आतून तेल घेऊन आली आणि माझ्यामागे बसून माझं डोकं चेपू लागली. मी नको म्हणाले, ते तिनं पाहुण्याचं नको धरलं. तिची बोटं खरबरीत होती आणि जोरात लागत होती. डोकं दुखत नव्हतं, तरी मी डोळे मिटून घेतले. ती घाई न करता, फार वेळ चेपत राहिली. दुपारचं तिला आता दुसरं काही काम नव्हतं.