पान भरून काढलेले दोन देश

नलिनीकाकू वैशंपायन नसत्या तर मी आज उज्जैनमध्ये नसतो. म्हणून आधी त्यांचं नाव. काकू इथल्याच नानाखेडा भागात राहतात. सरकारी शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या. एके दिवशी सकाळी त्या महिला मंडळाच्या पत्रकाचं प्रूफ तपासायला फ्रीगंजमधल्या आमच्या दुकानात आल्या, तेव्हा मी एका पीएचडीच्या प्रबंधाचे शेवटचे प्रिंट काढत होतो. पाचपैकी दोन प्रती बाइंडिंग होऊन आल्या होत्या. दुपारी चारपर्यंत युनिव्हर्सिटीत जमा करायच्या होत्या.

मी डीटीपी ऑपरेटर. लोक हातानं लिहून आणतात, मी ते टाइप करून पानं लावतो. गाव परभणीकडचं, शाळा नववीत सुटली. इथं लग्नपत्रिका करत करत शिकलो. राहायला दुकानाच्या वरची खोली, मालकांनी दिलेली. नोकरी गेली की खोलीही गेली, हे डोक्यात कायम असतं.

प्रबंध दुबे मॅडमचा. विषय, भारत आणि चीनची आर्थिक प्रगती. चाळीसेक वर्षांपूर्वी दोन्ही देशांचं माणशी उत्पन्न जवळपास सारखं होतं. मग चीननं शेतातली माणसं कारखान्यांत नेली आणि तो खूप पुढं गेला. आपणही वाढलो, पण कारखान्यांपेक्षा ऑफिसांच्या आणि कॉम्प्युटरच्या कामांवर जास्त. हे सगळं मी दोनदा टाइप केलं. दुसऱ्यांदा कळलं.

काकूंनी टेबलावरची दोन पानं उचलली. एकावर भारताच्या उत्पन्नाचा आलेख, दुसऱ्यावर चीनच्या.

"हे दोघं बरोबरीनं चालून राहिले आहेत का रे?"

"नाही काकू, चीन पुढं आहे. आत लिहिलंय ना."

"मग चित्रात का नाही?"

मी बघितलं. दोन्ही रेघा खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वरच्या उजव्या कोपऱ्यात पोचलेल्या. जुळ्या असाव्यात तशा.

चूक माझीच. आमच्याकडे पान रिकामं दिसलं की मालक ओरडतात, "पन्ना भरा-भरा दिखना चाहिए!" म्हणून मी दोन्ही आलेख ओढून पानभर केले होते. बाजूला आकड्यांची जी उभी रेघ असते, ती स्केल. भारताची स्केल लहान आकड्यावर संपत होती, चीनची कितीतरी मोठ्या आकड्यावर. आकडे सगळे बरोबर, दिसणं चुकीचं.

"दोन माणसांचे फोटो ताणून एकाच मापाच्या फ्रेममध्ये बसवलेस," काकू म्हणाल्या, "तर उंच कोण ते कळेल का?"

मी प्रिंटर थांबवला. "काकू, आकडे तर बरोबर आहेत. कोण बघणार?"

"मी बघितलं ना."

"मालक काढून टाकतील मला."

"ते नंतर बघू. तोंडी परीक्षेत तुझ्या मॅडमला कोणी विचारलं, तर ती काय तुझं नाव सांगणार? फोन लाव."

मी लावला. मॅडम येईपर्यंत काकूंनी शेजारी खुर्ची ओढून माझ्याकडून दोन्ही रेघा एकाच आलेखात, एकाच स्केलवर काढून घेतल्या. चीनची उसळून वर गेली. आपली खाली राहिली. माझा चेहरा पडला.

"काय झालं? आपली रेघ कुठून निघाली आणि कुठं पोचली, ते बघ. चांगली चढली आहे. शेजारी कोण उभं आहे तेवढंच आज दिसलं," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मालक आले आणि मी चूक सांगून टाकली. "दो कॉपी बँध चुकी हैं! शादी का कार्ड समझा था क्या?"

"कार्ड बनाना आप ही ने सिखाया है इसे," काकू म्हणाल्या. "डाँटना बाद में, सेठजी. पहले बाइंडिंग खुलवाइए."

मालकांना असं कोणी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ते मुकाट्यानं बाइंडरला फोन लावायला गेले.

दुबे मॅडम आल्या त्या हेल्मेट घालूनच. मी उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी नवा आलेख जुन्या दोन पानांशेजारी ठेवून बघितला.

"गाइड सर ने टोका था कि लिखती कुछ हो, दिखाती कुछ हो," त्या म्हणाल्या. "मुझे लगा, मेरे लिखने में ही कमी है. मैंने निष्कर्ष ही नरम कर दिया." मग माझ्याकडे वळून, "निष्कर्ष का वो पहले वाला पन्ना है क्या तुम्हारे पास?"

होतं. भीतीपोटी मी कुठलीच जुनी फाइल डिलीट करत नाही. तेच पान परत लावलं.

मॅडमनी एकदाही आवाज चढवला नाही. "नंबर मैंने भी जाँचे थे, स्केल मैंने भी नहीं देखी," एवढं म्हणून पानं तपासायला बसल्या. पाचही प्रती साडेतीनला दुकानातून निघाल्या आणि वेळेत जमा झाल्या. पुढं तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक त्याच पानावर थांबले आणि म्हणाले, एवढं एक पान बघितलं तरी प्रबंध समजतो. मॅडमनी हे दुकानात येऊन, मालकांसमोर सांगितलं. मालकांनी मला काढलं नाही.

यातून मी शिकलो ते एवढंच. तुलना करायची तर स्केल एकच घ्यावी, मग पान निम्मं रिकामं राहिलं तरी चालेल.

काकूंच्या कपाटात त्यांनी हातानं लिहिलेल्या बीजगणिताच्या वह्या आहेत. त्यांची नजर आता अधू होत चालली आहे, स्वतःचंच अक्षर त्यांना लागत नाही. समीकरणं टाइप करणं मला अजून जमत नाही, शिकतो आहे. त्या सगळ्या वह्यांचं मोठ्या टाइपातलं पुस्तक मी त्यांना करून देणार आहे.