गुरूच्या नावाचं कडवं

घाटकोपरच्या आमच्या ऑफिसातल्या लिफ्टमनचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोकणातला होता, जाखडी नाचाची गाणी लिहायचा. त्यातलं एक त्याच्याच आवाजात अंधेरीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं होतं. मोबाइलवर सारखं तेच. ते संपलं की कानाची पाळी धरून आणखी एक कडवं स्वतः म्हणायचा.

"हे रेकॉर्डमध्ये का नाही?" मी एकदा विचारलं.

"शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घेतात आमच्यात. स्टुडिओवाले म्हणाले, लांबतंय, कापा. पहिलंच रेकॉर्डिंग ना साहेब, हो म्हटलं."

"गुरूंनी ऐकलं?"

माझा मजला आला. दार उघडायचं सोडून तो म्हणाला, "ऐकलं की. गाणं संपलं तरी मोबाइल कानालाच. मग म्हणाले, अरे, पुढचं लाव ना."