तीन मजली घराची किल्ली

आमच्या अजमानच्या बिल्डिंगमधले हमदुल्लाभाई म्हणजे परतीच्या कायद्यांचे बिनपगारी मंत्री. मूळ रत्नागिरीकडचे, शारजात एसीचे पार्ट विकतात. युरोपने कुणाला परत पाठवल्याची बातमी आली की लिफ्टमध्ये मला गाठायचे. "बरोबर केलं, स्मिताताई! ज्याचं घर तिकडे, त्याने तिकडे जावं. खलास!" तोवर लिफ्टचं दार माझ्या भाजीच्या पिशवीवर आपटायचं.

स्वतः मात्र तीस वर्षं इथेच. "पुढच्या वर्षी कायमचा गावी, इन्शाल्ला," हे दर ईदला. गावी तीन मजली घर बांधलंय आणि त्याला कुलूप लावलंय. इथेच वाढलेल्या मुलाला, रेहानला, लहानपणापासून पढवलेलं, कुणी विचारलं तर सांगायचं, आपलं घर गावी, तीन मजली!

रेहान युरोपात शिकायला गेला. नोकरी लागली नाही, तिकडचा व्हिसा संपला, आणि इतके दिवस बाहेर राहिल्याने इथलाही गेला. आता परतीचा नियम शिजतो ब्रुसेल्सला, युरोपियन युनियनच्या मुदपाकखान्यात. प्रत्येक देश तो आपल्या ताटात वाढून घेतो आणि वरून आपलं तिखट टाकतो. रेहानच्या वाट्याच्या देशाने तिखटाची बरणीच उपडी केली होती. तिथल्या इमिग्रेशनच्या साहेबाने विचारलं, भारतात राहायला जागा आहे का? पोराने घडाघडा सांगितलं, तीन मजली! साहेब खूश. सुटला की प्रश्न!

"अहो, असा कसला कायदा!" हमदुल्लाभाई आमच्या दारात येऊन ओरडले. "पोराचं सगळं आयुष्य इथे गेलं. गावी त्याचं आहे कोण?"

लिफ्टमधलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मागे त्यांची बायको, खतीजाभाभी, उभ्या होत्या, रडून डोळे सुजलेले. गिळलं.

अपील फेटाळलं, रेहानला विमानात बसवलं. गावातून त्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी चहा करत होते. स्पीकरवर आवाज अगदी रडवेला.

"अब्बा, इट्स लॉक्ड. आय डोन्ट नो एनीवन हिअर. व्हेन आर यू कमिंग होम?"

"अरे, मी घरीच आहे," हमदुल्लाभाई म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि ते मटकन सोफ्यावर बसले.

भाभींनी खिळ्यावरची गावच्या घराची किल्ली काढून त्यांच्या खिशात कोंबली.

"तिकीट काढा. माझा पोरगा तिथे एकटा राहणार नाही. त्याला युरोपने पाठवलं, तुम्हाला मी पाठवते. आणि अपील-बिपील माझ्याकडे चालत नाही. यल्ला, उठा."