खोकला माझा होता

रिपोर्ट जोयलीनच्या हातात होता आणि ती माझ्या दारात उभी होती. पायातली चप्पलही काढली नव्हती.

"तिता, टीबी आहे," ती म्हणाली.

तिता म्हणजे त्यांच्याकडे मावशी, आत्या, कुठलीही मोठी बाई. मी दोन पावलं मागे सरले आणि पदर नाकाला लावला. ते तिने पाहिलं. ती आत आली नाही. तिथूनच वळून जिना चढून आपल्या खोलीत गेली.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, हे मी मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. तरीही मी कशी वागले ते इथे लिहिते आहे. कुणा दुसऱ्या घरात हीच वेळ आली तर त्यांनी तरी तसं वागू नये, एवढ्यासाठी.

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं घर आहे. यजमान गेल्यापासून मी एकटीच असते, मुलगी पुण्याला. वरची खोली भाड्याने देते. संक्रांतीनंतर एका टॉवेल कारखान्याने त्या खोलीत जोयलीनला आणून ठेवलं. वय सव्वीस. फिलिपिन्सची. परदेशातल्या गिऱ्हाइकाचा माल तपासायला आणि इथल्या बायकांना ती तपासणी शिकवायला ती दहा महिन्यांसाठी आली होती.

सकाळी आठला कारखान्याची गाडी येई. त्याआधी ती भात करून खाई, सकाळीसुद्धा भातच. एकदा तिने सुकी मासळी तळली, तर बोळातल्या चार जणींनी मला विचारलं, काय मेलंय म्हणून. मी तिला ते हसत सांगितलं. ती हसली नाही, आणि पुन्हा तिने मासळी आणली नाही. रविवारी चर्चला जाई, येताना कैऱ्या आणून मीठ लावून खाई. तिच्या खोलीत एक मोठा खोका होता. आईला पाठवायच्या वस्तू ती त्यात महिनोन्‌महिने भरत होती: डाग पडून कारखान्यात बाद झालेले टॉवेल, साबण, शेंगाचटणीची पाकिटं.

संध्याकाळी ती माझ्याकडे खाली येई. इंग्रजी, हिंदी आणि कारखान्यात शिकलेलं मराठी यांची खिचडी करून आम्ही बोलत असू. फोन तांब्याला टेकवून ठेवी आणि तिकडे आई, इकडे ती, अशा दोघी एकाच वेळी जेवत. मी तिसरी. आजूबाजूला यंत्रमाग, सूत उडतं, म्हणून मी खिडक्या बंद ठेवत असे. त्या बंद खोलीत आम्ही रोज दोन-दोन तास बसलो, आणि मी खोकत होते.

माझा खोकला तिच्या येण्याआधीचा, दिवाळीतला. मी त्याला सुताची ॲलर्जी म्हणत असे. वजन उतरलं, तर शुगरसाठी पथ्य पाळते म्हणून उतरलं असं सांगत असे. माझ्या लहानपणी आत्याला टीबी झाला होता. तिचं ताट वेगळं, तिला मागची खोली. तिच्या लग्नाचं नंतर कुणी नावही काढलं नाही. त्यामुळे तपासायला जायचं मी उद्यावर ढकलत असे.

जोयलीनला मात्र तीन आठवडे खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप आला, तशी ती आपल्या पायांनी दवाखान्यात गेली. तिची स्प्युटम टेस्ट झाली, म्हणजे खोकून काढलेल्या बेडक्याची तपासणी. सीबीनॅट नावाच्या मशीनवर काही तासांत कळतं की त्यात टीबीचे जंतू आहेत का, आणि नेहमीच्या औषधाला ते दाद देतील का. जंतू होते. औषध लागू पडणार होतं.

त्याच संध्याकाळी मी कारखान्याच्या अधिकाऱ्यांना फोन केला. "तिला इथे ठेवता येणार नाही. आजार घेऊन आलीय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. ती दोन बॅगा आणि तो खोका घेऊन खाली उतरली. मी खिडकीच्या आत उभी होते. तिने वर बघून हात केला. मी केला नाही.

मग मी तिची गादी गच्चीत टाकली, भांडी उकळत्या पाण्यात काढली आणि तिचा चहाचा कप फेकून दिला. टीबी ताटल्या-कपांतून पसरत नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो. हे मला माहीत होतं. तरी फेकला.

खाली रेहानाबीचं बांगड्यांचं दुकान आहे. तिने विचारलं, "पोरगी कुठं गेली ओ टीचर?"

"टीबी निघाला. बाहेरून घेऊन आली."

रेहानाबीने हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "पण खोकत तर तुमी होता की. दिवाळीपासून ऐकतेय मी."

"माझी ॲलर्जी आहे," असं म्हणून मी जिना चढले. चढताना दोनदा थांबावं लागलं.

चौथ्या दिवशी सरकारी टीबी केंद्राचा कर्मचारी आला. मंगळवेढ्याकडचा, साधा माणूस. एकाला टीबी निघाला की त्याच्यासोबत राहिलेल्या सगळ्यांना तपासतात, त्याला काँटॅक्ट ट्रेसिंग म्हणतात. मी त्याला दारातच सांगितलं, मी ठणठणीत आहे.

तो म्हणाला, "म्याडम, तसं सगळेच म्हणत्यात. डबी ठिवून जातो. सकाळी उठल्या उठल्या खोकून त्यात बेडका काढा. तुमच्यासाठी नगं, माझ्या रजिस्टरसाठी द्या."

मी डबी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "म्याडम, पॉझिटिव्ह हाय. उद्या एक्स-रेला या."

रुग्णालयाच्या बाकावर मी चेहऱ्याला रुमाल बांधून बसले. मास्क तर लावायचाच होता, पण मी वर रुमालही बांधला होता. एखादा जुना विद्यार्थी भेटेल, अशी भीती होती.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "उजव्या फुप्फुसात वर कॅव्हिटी आहे. म्हणजे आजाराने पोखरून पडलेली पोकळी. खोकला कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले असतील."

"पंधरा दिवसांत इतकी मोठी कॅव्हिटी सहसा होत नाही, मॅडम."

मी रुमालाची गाठ सैल केली. मग म्हणाले, "दिवाळीपासून."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी विचारलं, "मग जोयलीनला आजार माझ्याकडून गेला का?"

"कुणाकडून कुणाला गेला हे शंभर टक्के सांगता येत नाही. पण तुमचा आजार जुना दिसतो. ती नोकरीला रुजू झाली तेव्हाचा तिचा एक्स-रे मी पाहिलाय, तो स्वच्छ होता." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता गोळ्यांचं ऐका."

पुढचं मी नीट ऐकलं नाही, कर्मचाऱ्याने पुन्हा समजावलं. सहा महिने उपचार. एफडीसी गोळ्या, म्हणजे एकाच गोळीत अनेक औषधं. पहिले दोन महिने चार औषधं, नंतर चार महिने तीन. लघवी नारिंगी होते, घाबरू नये. मळमळलं किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच सांगावं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नये. साखर ताब्यात ठेवावी.

"गोळ्या घरी आणून देऊ का?" त्याने विचारलं.

"नको. बोळात येऊ नका. मीच येऊन नेत जाईन."

म्हणजे आजार कळल्यावरही मी लपवलाच. अकरा दिवस. मुलीला सांगितलं, साधा न्यूमोनिया आहे. बोळाला तेवढंही सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीने टीबी जोयलीनबरोबर आला होता आणि तिच्याबरोबर गेला होता.

याच दिवसांत तिचा मेसेज आला. 'तिता, तुमचीही तपासणी झाली म्हणे. सगळं ठीक ना?'

मी लिहिलं, 'ओके.' तिने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

बाराव्या दिवशी गोळ्या घ्यायला गेले, तेव्हा तो कर्मचारी म्हणाला, "त्या पोरीला कंपनी माघारी धाडायलीय. आजार तिकडनंच आणला म्हणत्यात सायेब लोक. लई रडली ओ बिचारी. तुमचं इचारत होती. मी कुणाचा रिपोर्ट कुणाला सांगत न्हाय. पण तिला काय कळायचं ते कळलंय."

मी तशीच रिक्षा करून कारखान्यात गेले. फाटकाजवळच्या खोलीत पाऊण तास बसून राहिले. त्या पाऊण तासात दोनदा उठून परत निघाले होते, हेही सांगते.

अधिकारी सभ्य होते. मी फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझा आजार तिच्याआधीचा आहे. दिवाळीपासून खोकतेय मी, आणि ती संक्रांतीनंतर आली."

त्यांनी कागद उलटेपालटे करून पाहिले. "मॅडम, फोनवर तर तुम्हीच म्हणाला होतात, ती आजार घेऊन आली."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं?"

नाही म्हणून सुटता आलं असतं. मी म्हणाले, "आजार माहीत नव्हता. खोकला माहीत होता."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, औषध लागू पडलं की बहुतेक रुग्णांपासून दोन-तीन आठवड्यांत इतरांना धोका राहत नाही, ती तपासून कामावर येऊ शकते, आणि आजारासाठी तिला काढणं बरोबर नाही. अधिकारी म्हणाले, "बघतो." चार दिवसांनी कळलं, तिला ठेवलं.

पण त्या दिवशी कारखान्यातून मी सरळ त्यांच्या पाहुणेघरी गेले, तिथेच जोयलीनला ठेवलं होतं. ती व्हरांड्यात एकटीच बसली होती, मास्क लावून. गालांची हाडं वर आली होती. मी थोडं अंतर ठेवून बसले आणि जे अधिकाऱ्यांना सांगितलं तेच तिला सांगितलं. दिवाळी, खोकला, एक्स-रे, 'ओके'.

ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, मी तुम्हाला दिला."

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"तुम्ही ओके लिहिलं, पण फोन केला नाही. मला वाटलं, तिता म्हातारी, शुगर आहे, एकटी आहे, आणि मी तिच्या घरात आजार नेला. ती मेली तर? मी रोज देवाची माफी मागत होते."

ती रडली होती ती नोकरीसाठी नव्हे. माझ्या आजाराचं ओझं ती इतके दिवस आपल्या डोक्यावर घेऊन बसली होती आणि मी ते घेऊ दिलं होतं. मी हात जोडले. तिने ते धरले नाहीत, पण खालीही करायला सांगितलं नाही.

"घरी चल," मी म्हणाले.

"नाही तिता. इथे बरी आहे मी."

ती माझ्या घरी राहायला परत आली नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही. तो तिचा हक्क होता.

परतल्यावर मी रेहानाबीच्या दुकानात गेले. तीन बायका बांगड्या भरून घेत होत्या. त्यांच्यासमोरच म्हणाले, "टीबी मला आहे. आधी मला झाला. ती पोरगी काही घेऊन आली नव्हती."

एक बाई हात काढून घेऊन उठून गेली. रेहानाबी मात्र म्हणाली, "बसा की टीचर. मास्क हाय ना तोंडाला? मग बसा." दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः डबीत थुंकी देऊन आली, आणि तिची सूनही. दोघींना काही निघालं नाही. मला त्या रात्री झोप लागली. मुलीला खरं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रागावली आणि मग गाडीत बसून आली.

पहिला महिना वाईट गेला. उलट्या, सांधेदुखी, तोंडाला चव नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी वजन दोन किलोंनी वाढलं आणि जिना एका दमात चढले. केंद्राच्या बाकावर कधीकधी जोयलीन भेटे. आम्ही एकमेकींना गोळ्यांच्या पट्ट्या दाखवत असू, किती राहिल्या ते. तिचे उपचार माझ्याआधी सुरू झाले, माझ्याआधी संपले. काम संपल्यावर ती आपल्या देशी गेली. जाताना खोक्यात घालायला मी शेंगाचटणी दिली. ती तिने घेतली.

ती गेल्यावर दोन दिवसांनी तिचा फोन आला. पडद्यावर तिची आई होती. बारीक, पांढऱ्या केसांची, माझ्याच वयाची. ती इंग्रजीत म्हणाली, "माझी मुलगी आजारी होती तेव्हा तुम्ही तिची काळजी घेतलीत. देव तुमचं भलं करो."

मागे जोयलीन दिसत होती. ती खाली बघत होती. तिने आईला काय सांगितलं होतं ते माझ्या लक्षात आलं. माझं नाव तिने तिथे चांगलं ठेवलं होतं.

हो म्हणून आभार घ्यायचे आणि फोन ठेवायचा, एवढंच करायचं होतं. आणि एक क्षण मी तेच करणार होते.

"नाही ताई," मी म्हणाले. 'ताई' तोंडातून मराठीतच गेलं. "मी तिला घरातून काढलं. आजार माझा होता. माझ्यामुळे तिला झाला असणार."

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवत होता. तिच्या आईने डोळे पुसले, मुलीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुमच्या गोळ्या संपल्या?" तिने विचारलं.

"चार दिवस राहिलेत."

"एकही चुकवू नका," ती म्हणाली.

मी एकही चुकवली नाही. शेवटची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मला वेळेत दवाखान्यात नेलं ते जोयलीनच्या रिपोर्टने. ती आजारी पडली म्हणून मी वाचले. हे सांगताना आजही मान खाली जाते, पण विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.