पिपेटमधला शेवटचा थेंब

१००.३. पहिल्या वेळी १००.३ आणि दुसऱ्या वेळीही १००.३.

शलाकाने वही माझ्या टेबलावर ठेवली. त्याच पावडरचा माझा आकडा ९९.९ होता आणि दोन सीनियर केमिस्टचाही तोच. आमच्या लॅबमध्ये नव्या माणसाला कायम करण्याआधी एक परीक्षा असते. सीनियरच्या आकड्यापासून ०.२ च्या आत यायचं, संधी तीन. शलाकाच्या दोन गेल्या होत्या.

मी देवासच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो. लेबलवर लिहिलेल्या औषधाला शंभर धरलं, तर गोळ्यांच्या पावडरमध्ये ते खरं किती, हे आम्ही तपासतो. त्यासाठी पावडर विरघळवायची, त्यातलं बरोबर दहा मिली पिपेटने घ्यायचं आणि वरून ब्युरेट नावाच्या उभ्या, खुणांच्या नळीतलं दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायचं. रंग बदलला की थांबायचं. किती सोडलं त्यावरून हिशेब निघतो. याला टायट्रेशन म्हणतात. पिपेट म्हणजे मध्ये फुगलेली काचेची नळी, जी ठरलेलं माप देते.

नापास झालं की फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘रूट कॉज’ असा चौकोन असतो, म्हणजे चूक होण्याचं मूळ कारण. दोन्ही फॉर्मवर मी ‘अ‍ॅनालिस्ट एरर’ लिहिलं, सही ठोकली आणि चहाला गेलो. करणाऱ्याची चूक, विषय संपला. आमच्या धंद्यात या दोन शब्दांइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

प्लँट हेड तिवारीजींनी मला बोलावलं.

“दो बार फेल. अब तीसरे का मुहूर्त निकलवा रहे हो क्या?”

“सर, दोनों बार एक ही नंबर आया है.”

“तो?”

“हाथ कच्चा होता तो नंबर अलग-अलग आते.”

“शुक्रवार तक देख लो. फिर दूसरा कैंडिडेट बुलाते हैं.”

बोलून गेलो आणि मग माझ्याच लक्षात आलं, की यात खरंच काहीतरी आहे. धांदरट माणूस एकदा ९९ आणतो, एकदा १०१. ही मुलगी चुकत होती, पण नेम धरून चुकत होती. असं का, हे कळल्याशिवाय आता मला चैन पडणार नव्हतं.

शलाका धारची. एम.एस्सी. करून इथे आलेली, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी.

“घरी सांगितलंस?” मी विचारलं.

“पहिल्यांदाचं सांगितलं. दुसऱ्यांदाचं नाही. बाबा म्हणतील, आ जा वापस, बी.एड. कर ले. एकदा परत गेले ना सर, तर मग हो गया. मला हेच काम करायचं आहे.”

तिचे डोळे भरले होते. मी तिच्या हातांकडे बघितलं. हात जराही थरथरत नव्हते.

मग आम्ही एकेक गोष्ट काढून टाकायला बसलो. आधी वजन. मीच पावडर तोलली, मीच विरघळवली आणि एकाच फ्लास्कमधून दोघांनी घेतलं. माझं ९९.९, तिचं १००.३. म्हणजे वजनात खोट नव्हती. ब्युरेट बदलून बघितली, तरी तेच. रंग ओळखण्यात गडबड असेल म्हणून मी शेजारी उभा राहिलो. दोघांनाही गुलाबी एकाच थेंबाला दिसला. उरली पिपेट. मी मागे उभा राहून बघितलं. रेघ डोळ्यासमोर धरलेली, द्रावणाची खालची कड बरोबर रेघेवर, शेवटी टोक काचेला टेकवलेलं. पुस्तकात लिहिलंय तस्सं.

“सर, माझं चुकतंय कुठे?”

“तेच तर बघतोय बेटा.”

शेवटी सगळ्यात साधा उपाय केला. रिकामं बीकर तोललं, त्यात पिपेटने दहा मिली पाणी सोडलं, परत तोललं. पाणी खोटं बोलत नाही. आमच्या लॅबच्या तापमानाला ते ९.९७ ग्रॅम भरायला हवं. माझं तीनदा ९.९७ भरलं. त्याच पिपेटने तिचं तीनदा १०.०१. फरक फक्त एका थेंबाचा. ही मुलगी कुठून तरी रोज एक थेंब जास्त आणत होती!

“परत कर. हळूहळू.”

या वेळी मी समोर उभा राहिलो. पाणी उतरलं. टोकात नेहमीसारखा एक थेंब अडकून राहिला. तिच्या अंगठ्याने वरचा रबरी बल्ब, म्हणजे द्रावण ओढायचा फुगा, जरासा दाबला आणि तो थेंबही बीकरमध्ये पडला.

“हे काय केलंस?”

“शेवटचा थेंब, सर. कॉलेजात फुंक मारायचो. इथे तोंड लावायचं नाही, म्हणून बल्बने.”

तो थेंब पिपेटमध्येच राहू द्यायचा असतो. पिपेट बनवणाऱ्याने तो आधीच हिशेबाबाहेर ठेवलेला असतो.

“हे कोणी शिकवलं?”

“उषा मॅडमनी. आमच्याकडे सगळेच करतात.”

नाव माझ्या ओळखीचं होतं. कारखान्यात येण्याआधी मी धारच्या एका कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायचो. उषा तिथली माझी विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवते. मी तिला फोन लावला.

“उषा, पिपेटला फुंक मारायची, हे मुलांना तू सांगतेस?”

“हो सर. तुम्हीच तर सांगितलं होतं.”

“का मारायची, ते सांगितलं होतं का?”

“नाही सर. तुम्ही नाही सांगितलं आणि आम्हीही नाही विचारलं.”

“पिपेटी कशा आहेत आता?”

“एकदम नव्या. तुमच्या वेळच्या तुटक्या केव्हाच फेकल्या.”

इथे सगळं उलगडलं. आमच्या काळी पिपेटी धुताना नळावर आपटायच्या आणि सगळ्यांची टोकं फुटलेली असायची. फुटक्या टोकातून द्रावण भर्रकन उतरतं आणि बरंचसं आत काचेलाच चिकटून राहतं. मुलांची रीडिंग कमी यायची, बाहेरून आलेले परीक्षक मार्क कापायचे. नव्या पिपेटी मिळेनात, म्हणून मी जुगाड काढला. शेवटी फुंक मारा. रीडिंग जवळपास बरोबर यायला लागलं आणि मी स्वतःवर खूश झालो. इथे रुजू झालो त्या आठवड्यातच एका जुन्या केमिस्टने माझी ही सवय सोडवली. मुलांना मागे काय शिकवून आलोय, ते परत जाऊन सांगायचं मात्र सुचलं नाही. पिपेटी बदलल्या, फुंक राहिली. मला खरोखर लाज वाटली.

शुक्रवारी शलाकाने अंगठा बल्बपासून लांब ठेवला. ९९.८. म्हणजे पास. वही ठेवून ती घरी फोन करायला गेली.

लॅबच्या कागदावर व्हाइटनर चालत नाही. लिहिलेलं चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही-तारीख. दोन्ही जुन्या फॉर्मवर ‘अ‍ॅनालिस्ट एरर’वर मी रेघ मारली आणि वर ‘ट्रेनिंग एरर’ लिहिलं.

तिवारीजींनी चष्मा वर केला. “ट्रेनिंग किसने दी थी? नाम डालो, ऑडिटवाले पूछेंगे.”

मी माझं नाव लिहिलं.

“भाईसाब, ये तो आप हो!”

“जी, सर.”

आता नव्या मुलांना काहीही शिकवलं, की ते का करायचं हेही मी सांगतो. शलाका तर मी तोंड उघडायच्या आतच विचारते.