सरकलेली पोकळी

शाहूवाडीच्या डोंगरातली तेजस्वी गणितात एम.एस्सी. झाली, तेव्हा गावाला वाटलं, पोरगी आता शाळेत पाढे घेणार. ती लागली शिरोलीच्या एका फाउंड्रीत. लोखंडाचा रस साच्यात कसा निवतो, त्याचं समीकरण कॉम्प्युटरवर सोडवायचं, हे तिचं काम. कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागाचे, मनातल्या मनात बारीक ठोकळे पाडायचे आणि हरेक ठोकळा शेजाऱ्याला किती ऊब देतो ते मांडायचं. जो भाग सगळ्यांमागून निवतो, तिथं रस आकसून पोकळी पडते.

पंपाच्या नव्या कास्टिंगमध्ये मानेपाशी तिला पडद्यावर लाल डाग दिसला: तिथं पोकळी पडणार. मालक विश्वजितराव म्हणाले, "एक ओतू, मान कापून बघू. पोकळी निघाली तर तुमचं गणित ठेवू. न्हाय तर राम राम."

साचा बांधणाऱ्या हंबीररावांनाही तिनं बोट ठेवून जागा दाखवली.

मान कापली. आत खव्यागत घट्ट.

"म्याडम, गणित कागदावरच बरं असतंय," मालक म्हणाले.

तेजस्वी तडक हंबीररावांकडं गेली. "काका, काय येगळं केलासा का?"

"व्हय की. तू म्हणालीस तितं पोकळी पडणार, मग साच्यात मानंला लागून लोखंडाचा गार तुकडा बसवला. सगळी ऊब ओढून घेतली बघ त्यानं."

"अवो, पडू द्यायची हुती!"

"वैद्यानं रोग सांगितल्यावर औषद द्यायचं, का तिरडी बांधायची?"

"मग तुकडा काढून परत वता."

"जाणूनबुजून माल नासवू? माझ्या हातनं न्हाय व्हायचं."

हसावं का रडावं तिला कळेना. मग तुकड्याचं माप विचारून ती कॉम्प्युटरपाशी बसली. समीकरण तेच ठेवलं, फक्त मानेशेजारी तो गार तुकडा मांडला. मान आता आधीच गोठत होती, वरचा रस तिथंच अडत होता. लाल डाग खाली, जाड बुडाशी जाऊन बसला.

"बूड कापा," ती मालकांना म्हणाली.

कापलं. हंबीररावांनी वाकून करंगळी घातली, ती पेरभर आत गेली.

"आयला! रोग खाली सरकला की!"

"सरकला."

"आन तुला ते कापायच्या आदी कळलं?"

"तुमी औषद सांगितल्यावर कळलं, काका."

विश्वजितरावांनी स्वतः त्या भोकात बोट घालून बघितलं. जाता जाता म्हणाले, "सोमवारी नवा साचा हाय, म्याडम. सकाळी लवकर या."