विनी टास्करने भरवलेला बाजार

आमच्या हेदरविकच्या चौकात दर गुरुवारी बाजार भरतो. कुण्या एका राजाने गावाला तो हक्क दिला, तेव्हापासून. विनी टास्कर तिथे चीज विकायची. तिचा नवरा रेज ऐन तरुणपणी घोड्याची लाथ बसून गेला. मग टेकडीवरचं शेत, गाई आणि चीज, सगळं तिनेच सांभाळलं. बोलायला फटकळ. कुणी चीज दाबून बघायला लागलं की म्हणायची, "दाबू नका हो, त्याला दुखत नाही, मला दुखतं."

त्रेसष्टच्या हिवाळ्यातली गोष्ट. नगरपालिकेचे चिटणीस पेल यांना चौकात मोटारी उभ्या करायला जागा हवी होती आणि बाजार स्टेशनामागे हलवायचा होता. एक गुरुवार जरी बाजार चुकला तरी हक्क जातो, असा गावात जुना समज. खरं-खोटं कुणी तपासलं नव्हतं, पण पेल तेच सगळ्यांना ऐकवत फिरायचे.

त्या आठवड्यात इतका बर्फ पडला की बाहेरगावचा एकही विक्रेता येईना. चौकातच माझं बुटांचं दुकान. गुरुवारी सकाळी दारातला बर्फ उपसत होते, तर टेकडीवरून विनी येताना दिसली. पत्र्याच्या आंघोळीच्या टबात चीज भरून, दोरीने तो ओढत. पापण्यांवर बर्फ साचलेला. मी म्हटलं, आत ये, चहा घे.

"चहा इकडेच आण गं," ती म्हणाली. "मी आत बसले तर बाजार कुठे भरला?"

माझंच टेबल घेऊन तिने चौकात मांडलं. थोड्या वेळाने पेल आले.

"मिसेस टास्कर, एका टेबलाला कधी बाजार म्हणतात का?"

"विकणारी आहे, माल आहे. गिऱ्हाईक तेवढं नाही. घेताय का तुम्ही?"

तेवढ्यात बेकरीवाली डॉर्कस गरम पावांचा ट्रे घेऊन आली आणि विनीशेजारी उभी राहिली. मग मी बूट मांडले. कुणी जॅमच्या बरण्या आणल्या, कुणी कोंबड्या. दुपारपर्यंत चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी पेलनीही चीज घेतलं. वसंतात बाजार हलवायचा ठराव त्यांनीच मागे घेतला, आणि मोटारी स्टेशनामागे गेल्या.

पण त्या थंडीने विनीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. चीज कापायची सुरी तिने डाव्या हाताला शिकवली, त्याचं तिला काही वाटलं नाही. रविवारी चॅपेलमध्ये ती ऑर्गन वाजवायची, ते मात्र संपलं. पहिल्या रविवारी दुसऱ्या कुणी ऑर्गनवर सूर धरला, तेव्हा ती माझा हात धरून गप्प रडली. पुढच्या रविवारपासून मागच्या बाकावर बसून गाऊ लागली. आवाज तिचा काही फार गोड नव्हता, पण तिच्यापुढे आम्हा कुणाचाच ऐकू येत नसे.